लंडनपेक्षा जास्त पाऊस, तरी सोलापूर कोरडं कसं? हवामान प्रकार पाठ होत नसतील तर हे वाचा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करतायत, कोपेन या शास्त्रज्ञाने अक्षरांनी (ए, बी, सी, डी, ई) पाडलेले जगाचे हवामान प्रकार तीनदा पाठ केले आणि तीनदा विसरले. त्यात त्यांना एक गोष्ट खटकली. लंडनला वर्षाला ६०० मिमीच्या आसपास पाऊस, आपल्या सोलापूरला ७०० ते ७५०, तरी पुस्तकात लंडन दमट आणि सोलापूर निमशुष्क. मग आकडे चुकलेत की पुस्तक?

आकडेही बरोबर आणि पुस्तकही बरोबर. तुम्हाला जे खटकलं ना, खरी मेख तिथंच आहे. ते एकदा समजलं की निम्मं पाठांतर आपोआप गळून पडतं, म्हणून आधी त्यावरच बोलतो, प्रकारांची यादी नंतर.

मी २६ वर्षं सोलापूर जिल्ह्यात एका कृषी हवामान वेधशाळेत नोंदी घेतल्यात, आता संध्याकाळी गावातल्या मुलांना भूगोल शिकवतो. वेधशाळेत पर्जन्यमापक सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या शेजारीच लाकडी चौकटीवर एक मोठं गोल पात्र ठेवलेलं असतं, साधारण चार फूट व्यासाचं, वीतभर खोल, वर जाळी, म्हणजे कावळे चिमण्या पाणी पिणार नाहीत. आम्ही त्याला नुसतं पॅन म्हणायचो. रोज सकाळी साडेआठला त्यातली पाण्याची पातळी बघायची आणि कालच्या खुणेपर्यंत यायला किती पाणी ओतावं लागलं ते वहीत लिहायचं. जेवढं ओतलं तेवढं काल उडालं. मे महिन्यात दिवसाला १२ ते १४ मिमी ओतल्याच्या नोंदी माझ्या हाताने केलेल्या आहेत, म्हणजे पाणी ओतलं नसतं तर आठवडाभरात पॅन जवळजवळ चार बोटं खाली गेला असता. आणि वर्षाची बेरीज केली तर पर्जन्यमापकात जेवढं जमा झालं त्याच्या कितीतरी पट पाणी पॅनमधून उडालेलं असायचं.

एकदा मंगळवेढ्याकडचे एक म्हातारे शेतकरी काही कामाने आले होते, वही बघून म्हणाले, "पाऊस किती पडला ते समदेच सांगत्यात, उडाला किती ते कुणी सांगत न्हाई." हवामानशास्त्रात मी जेवढं शिकलो त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच, आणि कोपेनच्या वर्गीकरणाचा गाभाही तोच आहे. पाऊस म्हणजे जमा, बाष्पीभवन म्हणजे खर्च, आणि कोरडं की दमट हे शिल्लक बघून ठरतं, नुसत्या जमेवर नाही.

आता गणित. कोपेनच्या काळात जगभर पॅन ठेवलेले नव्हते, म्हणून त्याने खर्चाचा अंदाज तापमानावरून बांधला. वर्षाचं सरासरी तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्यायचं, त्याला २० ने गुणायचं. वर्षाचा ७० टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत (आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर) पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे, पाऊस वर्षभर विखुरलेला असेल तर १४०, आणि ७० टक्के हिवाळी सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवायचं नाही. आलेली संख्या म्हणजे मिमीमध्ये किमान लागणारा पाऊस. प्रत्यक्ष पाऊस त्यापेक्षा कमी असेल तर ठिकाण 'बी' गटात, म्हणजे शुष्क. निम्म्यापेक्षाही कमी असेल तर वाळवंट (बीडब्ल्यू), निम्मा ते पूर्ण यामध्ये असेल तर स्टेप म्हणजे निमशुष्क (बीएस). शेवटी सरासरी तापमान १८ किंवा वर असेल तर 'एच' म्हणजे उष्ण, खाली असेल तर 'के' म्हणजे थंड.

सोलापूरचं करू. सरासरी तापमान २७ धरा, २० ने गुणून ५४०, पाऊस बहुतेक सगळा मोसमी म्हणजे उन्हाळी सहामाहीत, म्हणून अधिक २८०, एकूण ८२०. पाऊस ७०० ते ७५०. तूट आली, पण निम्म्याच्या खूप वर आहे, म्हणून बीएसएच. लंडनचं सरासरी तापमान ११ च्या आसपास, गुणून २२०, पाऊस बारा महिने थोडा थोडा म्हणून अधिक १४०, एकूण ३६०. पाऊस ६००, म्हणजे भरपूर शिल्लक. पेन्शनवर जगणारा माणूस आणि दुप्पट पगार पण चौपट खर्च असलेला माणूस, दोघांत महिनाअखेरीस कोणाकडे पैसे उरतात, तसंच हे.

यात अजून एक शहर घाला, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. पाऊस ७३० मिमीच्या आसपास, म्हणजे सोलापूरएवढाच. पण तो पडतो मे ते सप्टेंबर, आणि दक्षिण गोलार्धात तो हिवाळा. तापमान १८-१९, गुणून साधारण ३७०, वर काही मिळवायचं नाही. प्रत्यक्ष पाऊस त्याच्या दुप्पट झाला. म्हणून पर्थ निमशुष्क नाही, भूमध्य सागरी प्रकारात, सीएसए ('सी' म्हणजे समशीतोष्ण, 'एस' म्हणजे कोरडा उन्हाळा, शेवटचं 'ए' म्हणजे उन्हाळा कडक). थंडीत पडलेलं पाणी उडत नाही, जमिनीत मुरतं. एवढाच पाऊस, पण पडायची वेळ वेगळी आणि तापमान वेगळं म्हणून एक सागरी समशीतोष्ण, एक भूमध्य सागरी, एक निमशुष्क.

अजून टोकाचं उदाहरण द्यायचं तर जैसलमेर आणि सायबेरियातलं याकुत्स्क. जैसलमेरला वर्षाला २०० मिमीच्या आसपास, याकुत्स्कला २४० च्या आसपास, फार फरक नाही. पण जैसलमेर वाळवंट आणि याकुत्स्कच्या चारी बाजूंना तैगाचं म्हणजे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी जंगल, मैलोन्मैल लार्चची झाडं. याकुत्स्कचं सरासरी तापमानच शून्याखाली ८-९ अंश, त्यामुळे गणितात लागणारा पाऊस येतो शंभर-सव्वाशे मिमी फक्त. त्यात जमीन खाली कायमची गोठलेली असल्याने उन्हाळ्यात वितळलेलं पाणी खोल जातच नाही, मुळांपाशी राहतं. (त्याच गोठलेल्या जमिनीमुळे तिथल्या इमारती खांबांवर उचलून बांधतात, नाहीतर घराच्या उबेनं खालचा बर्फ वितळून घर खचतं.)

हे झालं 'बी'. आता बाकीची अक्षरं. बहुतेक मुलं इथे चुकतात ती क्रमामुळे. ए बी सी डी ई असं ओळीने तपासत गेलात तर गोंधळ होणारच. मी मुलांना उलट्या बाजूने सुरू करायला सांगतो. पहिला प्रश्न, सगळ्यात उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली आहे का? असेल तर 'ई', ध्रुवीय, विषय संपला, पाऊस बघायचाच नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात वर्षाला ५० मिमीसुद्धा पडत नाही तरी तो 'बी' मध्ये जात नाही तो यामुळेच. दुसरा प्रश्न, वरचं जमाखर्चाचं गणित, तूट असेल तर 'बी'. यातून सुटलं तर तिसरा प्रश्न, सगळ्यात थंड महिना किती? १८ किंवा वर असेल तर 'ए', उष्ण कटिबंधीय. १८ च्या खाली पण शून्याच्या वर तर 'सी'. त्याहून थंड तर 'डी'. तीन प्रश्न, एवढंच.

इथे एक गोष्ट पुस्तकावर अवलंबून आहे ती सांगतो. 'सी' आणि 'डी' मधली सीमा काही पुस्तकांत शून्य अंश आहे, काही पुस्तकांत उणे ३. कोपेनने उणे ३ धरलं होतं, पुढे बऱ्याच अभ्यासकांनी शून्य वापरायला सुरुवात केली. दोन्ही चालतात, पण परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक जे म्हणतं तेच लिहा, आणि दोन पुस्तकांचे नकाशे एकत्र करून पाठ करू नका. तीनदा विसरण्यामागे माझ्या अंदाजाने हेच एक कारण असावं.

हे १८, १० असे आकडे आले कुठून? कोपेन मुळात वनस्पतींचा अभ्यासक. जन्म १८४६ चा, सेंट पीटर्सबर्गचा, पण शाळा क्रिमियात. थंड उत्तरेकडून काळ्या समुद्रापर्यंत जाता-येता झाडं कशी बदलतात ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. १९०० मध्ये त्याने हे वर्गीकरण मांडलं आणि पुढे १९३६ पर्यंत सुधारत राहिला, नंतर गायगर या हवामानशास्त्रज्ञाने त्यात भर घातली. त्याची कल्पना अशी की झाड हेच हवामान मोजण्याचं उत्तम यंत्र, कारण ते तिथे वर्षानुवर्षं उभं असतं. उबदार महिना १० अंशांवर जात नाही तिथे झाडं उगवणं थांबतं, फक्त शेवाळ, दगडफूल आणि खुरटी झुडपं, म्हणजे टुंड्रा. म्हणून १० ची रेघ. हे कळलं की आकडे लक्षात ठेवायला जड जात नाहीत.

आता यादी. यादी म्हणून पाठ करू नका, नकाशा काढा आणि १५ अंश पूर्व रेखावृत्तावर बोट ठेवून विषुववृत्तापासून सरळ वर निघा. मी वर्गात हेच करतो, आणि दोन वर्षांनी भेटलेल्या मुलांनाही तो प्रवास आठवत असतो.

सुरुवात काँगोच्या जंगलात. सूर्य जवळजवळ डोक्यावर, हवा तापून वर जाते, थंड होते, पाऊस. विषुववृत्तीय वर्षावन, एएफ. 'एफ' म्हणजे सगळ्यात कोरड्या महिन्यातही किमान ६० मिमी. खरा कोरडा ऋतूच नाही. सिंगापूर याच प्रकारातलं.

वर सरकलात की मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सव्हाना लागतो, एडब्ल्यू (इथला 'डब्ल्यू' म्हणजे कोरडा हिवाळा). उंच गवत आणि मधेमधे झाडं. पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे उत्तर-दक्षिण सरकतो, त्यामुळे इथे तो उन्हाळ्यात येतो आणि हिवाळ्यात निघून जातो.

अजून वर, चाडची राजधानी न्जामेना, बरोबर आपल्या १५ अंश पूर्व रेघेवर. पावसाळा तीन-चार महिन्यांचा उरला, पाऊस पाचशेच्या घरात, निमशुष्क बीएसएच. हा सहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठाचा पट्टा. आपल्या माणदेशासारखंच, म्हसवड-दहिवडीला पाचशेच्या आसपासच पडतो.

मग सहारा. विषुववृत्तावर वर गेलेली हवा इथे खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, ढग बनूच देत नाही. जगातली मोठी उष्ण वाळवंटं २० ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही गोलार्धांत सापडतात ती याच कारणाने, सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलिया. पण फक्त हेच कारण नसतं. चिलीमधल्या अटाकामाला खाली उतरणाऱ्या हवेबरोबर किनाऱ्याचा थंड हंबोल्ट प्रवाहही कोरडं करतो, शेजारच्या अरिका शहराची वर्षाची सरासरी १ मिमीसुद्धा नाही. आणि लेह वाळवंट आहे ते हिमालयाच्या पावसाच्या सावलीत असल्यामुळे, तेही थंड वाळवंट, बीडब्ल्यूके. बर्फ पडतो म्हणजे वाळवंट नाही, असं नसतं.

समुद्र ओलांडून सिसिलीत आलात की भूमध्य सागरी, सीएसए. उन्हाळ्यात सहारावरचा तो खाली उतरणाऱ्या हवेचा, म्हणजे जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून इथे बसतो म्हणून उन्हाळा कोरडा, हिवाळ्यात तो दक्षिणेला गेला की पश्चिमी वारे पाऊस आणतात. ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबूवर्गीय फळं. जगात हा प्रकार खंडांच्या पश्चिम बाजूला ३० ते ४० अंशांच्या दरम्यान मिळतो. कॅलिफोर्निया, मध्य चिली, केपटाऊन, पर्थ. नाशिकला द्राक्षं येतात म्हणून नाशिक भूमध्य सागरी नाही होत, हे वाक्य मी दरवर्षी सांगतो. नाशिकचा पाऊस जून ते सप्टेंबर, बरोबर उलटा. म्हणून तर नाशिकला ऑक्टोबर छाटणीचा एवढा आटापिटा. पाऊस गेल्यावर फळ धरायचं, म्हणजे कोरडा काळ माणसाने वेळापत्रकात शोधून काढलाय, निसर्गाने दिलेला नाही.

आल्प्स ओलांडून प्राग, मध्य युरोप. पश्चिमेकडून आलेली समुद्राची हवा, बारमाही बेताचा पाऊस, सीएफबी ('एफ' म्हणजे कोरडा ऋतू नाही, शेवटचं 'बी' म्हणजे उन्हाळा सौम्य), लंडन-पॅरिसचा प्रकार. इथून पूर्वेला मॉस्कोकडे जाल तसतसा समुद्र लांब पडतो आणि हिवाळा कडक होतो, तिथे 'डी' सुरू. आपल्या रेघेवर 'डी' लागतो स्वीडनच्या मध्यात, ओस्टरसुंडला, सूचिपर्णी जंगलं. 'डी' फक्त उत्तर गोलार्धात एवढा पसरलाय, कारण दक्षिणेला त्या अक्षांशांवर जमीनच नाही जवळपास, सगळा समुद्र.

शेवटी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइअरब्येन, तेही १५ अंश पूर्वेच्या जवळच. सगळ्यात उबदार महिनाही १० च्या खाली, टुंड्रा, ईटी. बर्फाच्छादित ईएफ हवा असेल तर ग्रीनलंडचा मधला भाग किंवा अंटार्क्टिका, जिथे रशियाच्या व्होस्तोक तळावर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश नोंदले गेले.

झालं, एका रेघेवर पाचही अक्षरं आली.

या रेघेवर न येणाऱ्या दोन महत्त्वाच्या गोष्टी राहिल्या. एक म्हणजे खंडांची पूर्व बाजू. सहाराच्या अक्षांशावर चीनच्या पूर्वेला वाळवंट नाही, उलट उन्हाळ्यात समुद्रावरून दमट वारे येतात, म्हणून शांघाय सीएफए. दुसरं, आपला मोसमी प्रकार, एएम. यात कोरडा ऋतू असतो, पण मोसमात एवढं पाणी पडून जातं की जंगल हिरवं टिकतं. नियम असा की सगळ्यात कोरड्या महिन्याचा पाऊस ६० पेक्षा कमी, पण १०० वजा (वर्षाचा पाऊस भागिले २५) एवढा तरी हवा. वर्षाचा पाऊस २५०० मिमी असेल तर २५ ने भागून १००, वजाबाकी शून्य. म्हणजे २५०० च्या वर पाऊस असलेल्या ठिकाणी एक महिना अगदी कोरडा गेला तरी तो एएम. रत्नागिरी, गोवा सरळ एएम. आणि मुंबई? कुलाब्याला दोन-सव्वादोन हजार, सांताक्रुझला अडीच हजाराच्या आसपास. म्हणजे सीमारेषा शहराच्या मधूनच जाते म्हणा, एका पुस्तकात मुंबई एएम आणि दुसऱ्यात एडब्ल्यू दिसली तर घाबरू नका. पुण्याचंही तसंच, २५ गुणिले २० अधिक २८० म्हणजे ७८० लागतात आणि पाऊस सातशेच्या पुढेमागे, म्हणून पुणं निमशुष्काच्या आत पण उंबरठ्याजवळ. नकाशावरची रेघ प्रत्यक्षात जमिनीवर नसते, दहा-वीस किलोमीटरचा पट्टा असतो.

भारताच्या नकाशात अजून एक अक्षर परीक्षेला हमखास येतं, 'एएस', कोरोमंडल किनारा. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या मोसमी वाऱ्यांचा, म्हणून उन्हाळा कोरडा धरून 'एस'. आणि गंगेच्या मैदानाला 'सीडब्ल्यूजी' लिहितात, त्यातला 'जी' म्हणजे सगळ्यात उष्ण महिना पावसाळ्याच्या आधी येतो. आपल्याला यात विशेष वाटत नाही, मे तापतो आणि जूनला पाऊस येतो हे आपण जन्मापासून बघतो, पण युरोपातल्या माणसाला जुलैपेक्षा मे गरम हे नवल वाटलं, म्हणून त्याने वेगळं अक्षर दिलं.

कोपेनच्या पद्धतीत उणीव आहे का? आहे. माती त्यात नाही. सोलापूरचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर, आणि खाली खोल काळी जमीन. तो सप्टेंबरचा पाऊस काळी माती धरून ठेवते आणि त्या ओलीवर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पुढे थंडीत एकही पाऊस न लागता उभी राहते. तोच पाऊस मुरमाड माळावर पडला तर आठवड्यात संपला. गणितात दोन्ही ठिकाणं बीएसएच. म्हणून शेतीचा निर्णय घेताना प्रकाराचं नाव पुरेसं नाही, थॉर्नथ्वेट या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडलेला पाण्याचा ताळेबंद जास्त उपयोगी, त्यात महिन्यागणिक मातीत किती ओल उरली ते धरतात. परीक्षेसाठी मात्र कोपेनच पक्का करा.

सराव कसा करायचा ते सांगतो. बारा महिन्यांचं तापमान आणि पाऊस असलेला तक्ता घ्या, ठिकाणाचं नाव झाकून ठेवा. आधी उबदार महिना कोणता ते बघा, जानेवारी असेल तर दक्षिण गोलार्ध, ही चूक फार होते. मग ते तीन प्रश्न. रोज दोन तक्ते, पंधरा दिवस. पहिले आठ दिवस आकडेमोड करावी लागेल, नंतर नुसतं बघून कळायला लागतं. आकडे मात्र तीस वर्षांच्या सरासरीचे घ्या, सध्या १९९१ ते २०२० चे वापरतात, एखाद्या वर्षाचे घेऊ नका, एका दुष्काळी वर्षाने प्रकार बदलत नाही.

आजच्यासाठी नागपूर आणि लातूर करून बघा. नागपूरला पाऊस हजाराच्या वर आणि तापमान २७ धरा, सोपं आहे. लातूर मुद्दाम दिलंय, ते रेघेच्या अगदी जवळ येतं, तिथे कुठला आकडा घेतलात त्यावर उत्तर फिरेल. दोन्हीची गणितं पायऱ्यांसकट इथेच लिहा, मी रात्री बघून चूक असेल तिथे खूण करून देतो.